साडूबरोबर कायोटी कॉलिंगला जायचंय (वायोमिंग, जानेवारी). कुणी केलंय का?

डेन्व्हरचा_धाकटा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे कुणीतरी निघेलच म्हणून टाकतोय. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा अमेरिकन आहे, वायोमिंगमध्ये कार्बन काउंटीत त्यांच्या घरचं रँच आहे, मेंढ्या आणि थोडी गुरं. थँक्सगिव्हिंगला जेवताना त्याने सहज विचारलं की जानेवारीत कायोटी (तिकडचं कोल्ह्यासारखं जनावर) कॉल करायला, म्हणजे आवाज काढून जवळ बोलावून मारायला, येतोस का, मी पण सहज हो म्हणून बसलो, आता तो रोज मेसेज करतोय, बुटांचा साइज विचारतोय, पांढरं जॅकेट आहे का विचारतोय, म्हणजे माणूस सीरियस आहे.

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काम सोपं आहे, माळावर जाऊन बसायचं, सशाच्या ओरडण्याचा आवाज काढायचा आणि वाट बघायची. पण मी व्हिडिओ बघितले तर त्यात माणसं हलत नाहीत, बोलत नाहीत, आणि मी दोन मिनिटं गप्प बसू शकत नाही हे बायको लग्नापासून सांगतेय. तिकडे झाड नावाला नाही, सगळी सेजब्रशची झुडपं गुडघ्याएवढी, मग लपायचं कुठे? मी नुसतं सोबत बसावं की त्याच्या सांगण्याप्रमाणे मी पण रायफल घ्यावी? लायसन्स लागतं का? तो म्हणतो वायोमिंगमध्ये कायोटीला काहीच लागत नाही. मी एच-१बी व्हिसावर आहे, त्याने काही फरक पडतो का?

साडूसमोर शोभा होऊ नये एवढीच इच्छा आहे. नातं नवीन आहे आणि माणूस चांगला आहे.

आय१४०_पेंडिंग

बाकीचं जाणकार सांगतील, पण शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी घे कारण तोच महागात पडणारा आहे.

साडू म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं आहे. वायोमिंगच्या कायद्यात कायोटी 'प्रेडेटरी अ‍ॅनिमल' मध्ये येतो, त्याच यादीत जॅकरॅबिट, रॅकून, रेड फॉक्स, स्कंक, साळिंदर हे पण आहेत, त्यांना वर्षभर सीझन आणि राज्याचं लायसन्स लागत नाही. पण तुझा प्रश्न राज्याचा नाहीच, फेडरल आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, १८ यूएससी ९२२ मध्ये बघ. आणि 'बाळगणं' म्हणजे विकत घेणं नव्हे, साडूने त्याची रायफल पाच मिनिटं तुझ्या हातात दिली तरी ते बाळगणंच. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही.

त्याला अपवाद आहे, आणि तो नेमका शिकारीचाच आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स तुझ्याजवळ असेल तर ही बंदी तुला लागत नाही. म्हणजे गंमत बघ, वायोमिंग म्हणतं कायोटीला लायसन्स नको, म्हणून साडू लायसन्स काढत नाही, आणि त्याच्या शेजारी तसंच बिनलायसन्स बसून रायफल हातात घेतलीस तर तो तुझा गुन्हा. आणि तोही फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, वर इमिग्रेशनमध्ये बंदुकीच्या गुन्ह्यांचं वेगळं कलम आहे ते निराळंच.

तू डेन्व्हरला आहेस तर कोलोरॅडोचं स्मॉल गेम लायसन्स काढ. त्यासाठी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागेल, १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तिथे ते कम्पलसरी आहे. लायसन्स खिशात ठेव, मुदत तपास, आणि जायच्या आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घे. रायफलला हात न लावता नुसता बसणार असशील तर यातलं काहीच नको.

नेब्रास्का_नाना

वा, बऱ्याच दिवसांनी इथे घरांच्या किमती सोडून दुसरा विषय आला.

मी नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये जातो, लेकीबरोबर. ती आता कॉलेजात आहे त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीतच जमतं. तुझ्या साडूच्या भागासारखंच, झाड नाही, गवताचे उंचवटे आणि वारा. पहिली गोष्ट, पहिल्या खेपेला रायफल घेऊ नकोस. कायद्याचं वर सांगितलंच आहे, ते सोडूनही घेऊ नकोस. नवख्या माणसाचं सगळं लक्ष हातातल्या वस्तूवर जातं आणि डोळे रिकामे राहतात, आणि मोकळ्या माळावर जोडीतल्या दुसऱ्या माणसाचा उपयोग डोळ्यांचाच आहे. मला आणि लेकीला मिळालेले निम्मे तरी कायोटी शूटरला दिसलेच नव्हते, दुसऱ्याने दाखवले.

आता वारा. लोक आवाजावर भांडतात, कुठला कॉल, कुठल्या कंपनीचा, पण मोकळ्या मैदानात खेळ वाऱ्याचा आहे. कायोटी आवाज ऐकून सरळ धावत येईल असं वाटतं, तरणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतातही, पण जानेवारीपर्यंत जो जगलाय तो शहाणा झालेला असतो. तो लांबूनच वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखालच्या अंगाला जातो आणि तिथे नाक वर करून खात्री करतो. डोळ्यांनी बघितलेलं तो एकवेळ चुकीचं मानेल, कानांनी ऐकलेलं पण मानेल, नाकाला आलेला माणसाचा वास मात्र त्याच्यासाठी शेवटचा निकाल. म्हणून बसायचं असं की वारा एका गालावरून दुसऱ्या गालाकडे जाईल. समज वारा डावीकडून येतोय, तर कॉलचा आवाज काढणारा स्पीकर डावीकडे चाळीस-पन्नास यार्डांवर ठेवायचा. कायोटी समोरून आला की तो स्पीकरच्या उजवीकडे सरकायला बघणार, म्हणजे तुमच्या वासापर्यंत पोचायच्या आधी त्याला तुमच्या समोरून जावं लागतं. शूटर त्या उजव्या अंगाला तोंड करून. आणि तू? तू त्याच्या डाव्या खांद्याजवळ, थोडा मागे, डावीकडे आणि पाठीकडे बघत. तिकडून पण येतात, विशेषतः जोडी असली तर एक समोर दिसतो आणि दुसरा भलतीकडून निघतो.

लपण्याबद्दल. सेजब्रशच्या मागे लपायचं नाही, त्याच्या पुढ्यात बसायचं, झुडूप पाठीशी. तुझा आकार झुडपात मिसळला की झालं. सूर्य शक्यतो पाठीमागे. उंचवट्याच्या माथ्यावर कधीच उभं राहायचं नाही, आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस मैलावरून दिसतो. माथ्याच्या थोडं खाली, उतारावर बसा. पिकअप आधीच्या खोलगट भागात ठेवायचा, दार आपटायचं नाही, हाताने दाबून बंद करायचं, पुढे दोन-तीनशे यार्ड चालत जायचं आणि चालताना बोलायचं नाही. माझ्या मते निम्मी स्टँड्स (एका जागी बसून कॉल करणं म्हणजे एक स्टँड) पिकअपच्या दारापाशीच वाया जातात.

बसल्यावर आधी दोन-तीन मिनिटं शांतता. मग आवाज हळू सुरू करायचा कारण एखादा जवळच्या घळीत झोपलेला असू शकतो, एकदम मोठ्याने लावला तर तो उलटा पळतो. मग वाढवायचा. पंधरा-वीस मिनिटं बसा, नाही आला तर उठा आणि पुढच्या खोऱ्यात जा. वारा ताशी पंधरा-वीस मैलांच्या वर गेला की आवाज लांब जात नाही, आणि तुझ्या साडूच्या भागात तो किती दिवस त्याच्या खाली असतो हे आय-८० हायवेवर आडवे झालेले ट्रक बघितलेल्या कुणालाही विचार.

गप्प बसण्याचं म्हणशील तर बोलणं तितकं नडत नाही जितकं डोकं फिरवणं. मान हळू, घड्याळातल्या मिनिटकाट्यासारखी. दिसला तर बोट दाखवू नकोस. लेकीचं आणि माझं ठरलेलं आहे, आधी शूटरच्या पायाला गुडघ्याने एकदा दाबायचं, मग कुजबुजत घड्याळाचा आकडा सांगायचा, "दहा वाजता, लांब". एवढंच. साडूबरोबर हे घरीच ठरवून घे.

जॅकरॅबिट_उटा

नानांच्या वाऱ्याच्या भागाला पूर्ण सहमत, आवाजाच्या भागाला नाही. जानेवारीपर्यंत सशाचा रडका आवाज ऐकून ऐकून तिथल्या कायोटींना तो पाठ झालेला असतो, ऑक्टोबरपासून प्रत्येक वीकेंडला कुणीतरी तोच स्पीकर तोच आवाज वाजवून गेलेला असतो. जानेवारीच्या शेवटापासून त्यांचा जोडीचा सीझन सुरू होतो, फेब्रुवारीत ऐन भर, साधारण दोन महिन्यांनी म्हणजे एप्रिल-मेमध्ये पिल्लं. या दिवसात त्यांना भुकेपेक्षा हद्द जास्त महत्त्वाची. मी सुरुवातीलाच एक-दोन एकट्या मादीच्या हाऊल (लांब हेल काढून ओरडणं) टाकतो, मग पाच-सहा मिनिटं काहीही नाही. लोकांना ती शांतता सहन होत नाही आणि ते परत बटण दाबतात. कायोटी बऱ्याचदा आवाज न करता येतो, उत्तर देत बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक कॉल असेल तरी तोंडाने फुंकायचा एक ओपन रीड कॉल (शिट्टीसारखा) खिशात असू दे. थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही. आणि धावता कायोटी थांबवायला तोंडानेच "वूफ" करायचं, तो दोन-तीन सेकंद थांबून बघतो, शॉट तेव्हाच. गोळी चुकली किंवा लागली तरी लगेच उठायचं नाही, पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज लावायचा, जोडीदार परत फिरतो कधीकधी.

रायफल साडूची असेल तर बहुतेक .२२३ किंवा .२२-२५० असणार, मेंढीवाल्या रँचवर पिकअपमध्ये हेच असतं. .२२३ ला ५५ ग्रेन वजनाची गोळी २०० यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे तिथे नेम बरोबर बसवलेला) असेल तर ३०० वर साधारण आठ इंच खाली जाते, पण वायोमिंगमध्ये ते आठ इंच बाजूला राहतात, ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला ३०० यार्डांवर जवळपास फूटभर ढकलतो. म्हणून वारा असेल तर दोनशेच्या आत येऊ द्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा.

सेफ्टीचं साडूला माहीत असणारच, तरी तू स्वतः बघत राहा: तारेचं कुंपण ओलांडताना रायफल रिकामी, पिकअपमध्ये चेंबर रिकामं, आणि कोण कुठल्या बाजूला मारणार ते बसायच्या आधी बोट दाखवून ठरवायचं. गोठलेल्या जमिनीवरून गोळी उसळते. कायोटीच्या मागे उतार नसेल, नुसतं आकाश असेल, तर शॉट नाही. पलीकडे त्याच्याच गायी असतात.

सेजब्रश_ताई

मी वाइल्डलाइफ बायोलॉजीमध्ये आहे त्यामुळे माझं मत इथल्या लोकांना आवडणार नाही कदाचित. कुणी शिकार करू नये असं म्हणत नाहीये. पण "मेंढ्या वाचवायला कायोटी मारतो" हे कारण जानेवारीत तितकंसं लागू पडत नाही. एक जागा मोकळी झाली की बाहेरचा भटका तरणा तिथे येऊन बसतो, आणि संख्या कमी झाली की उरलेल्या माद्यांची जास्त पिल्लं जगतात. कोकरांवर जाणारी सहसा त्या हद्दीतली, पिल्लांना भरवणारी जोडी असते. त्यामुळे ज्या खोऱ्यात कोकरं जन्मणार तिथेच, आणि त्या वेळेच्या जवळ केलेलं काम उपयोगी पडतं, बाकी माळावर दिसेल तो मारून रँचचं नुकसान फारसं बदलत नाही. फेडरल सरकारचा वाइल्डलाइफ सर्व्हिसेस विभाग वर्षाला पन्नास हजारांच्या पुढे कायोटी मारतो, हे दशकानुदशकं चाललंय, आणि तरी हवाई सोडून प्रत्येक राज्यात कायोटी आहे. १९०० च्या सुमाराला तो बराचसा पश्चिमेच्या माळांपुरताच होता, लांडगे संपवले तसा तो पसरला.

साडूकडे राखणीचे कुत्रे आहेत का विचार. ग्रेट पिरेनीज किंवा अकबाश. ते असतील तर रात्री स्टँडच्या आसपास कुठे असतात हेही विचारून घे, कारण पांढऱ्या बर्फात पांढरा कुत्रा लांबून येताना दिसला की घाईत काय होईल ते मला लिहायचंही नाही.

नेब्रास्का_नाना

ताई, कुत्र्याचा मुद्दा फार महत्त्वाचा, माझ्या डोक्यात आला नव्हता कारण आमच्याकडे गुरंच गुरं. बाकी म्हणता ते खरं आहे, जानेवारीत जाणारे आम्ही लोक रँचवाल्यावर उपकार करतोय असं दाखवतो पण जातो आवडतं म्हणून. या महिन्यात केस सगळ्यात दाट असतात हे एक कारण होतं पूर्वी, पण कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करायचं जाहीर केल्यापासून कातड्याला विचारणारं कुणी राहिलं नाही. लेक कातडं काढून टॅन करून घेते, बाकी मी कुणाला कारण सांगत बसत नाही.

डेन्व्हरचा_धाकटा

बापरे एवढं उत्तर अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. साडूला व्हिसाचं सांगितलं तर तो पाच मिनिटं फोनवर गप्पच, मग म्हणाला की म्हणजे मी तुला माझी रायफल धरायला दिली तर तू जेलमध्ये आणि मी घरी? ठरलं की पहिल्यांदा मी रिकाम्या हातानेच. हंटर एज्युकेशनचा कोर्स मात्र लावलाय, आवडलं तर पुढच्या वर्षी बघू. ताई, कुत्रे आहेत, तीन पिरेनीज, पण हिवाळ्यात मेंढ्यांबरोबर खाली लाल वाळवंटाच्या बाजूला असतात, आम्ही जाणार तिथे नाहीत. तरी परत विचारून घेईन.

एक उपप्रश्न. रँच संपलं की पुढे बीएलएमची सरकारी जमीन आहे पण ती चौकटी-चौकटी आहे, एक खाजगी एक सरकारी. तो म्हणतो कोपऱ्यावरून जाता येतं आता. खरं का?

जॅकरॅबिट_उटा

रेल्वेची देणगी ती. १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिकला रुळाच्या दोन्ही बाजूंना एक आड एक सेक्शन दिला, एक सेक्शन म्हणजे चौरस मैल, ६४० एकर, तेव्हापासून नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. सरकारीतून सरकारीत जायचं तर कोपऱ्यावरच पाऊल पडतं. त्यावर तुमच्याच काउंटीतली एल्क माउंटनची केस होती, मिझुरीच्या शिकाऱ्यांवर जमीनमालकाने दावा लावलेला, आणि मार्च २०२५ मध्ये टेन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. खाजगी जमिनीला पाय न लावता कोपऱ्यावरून सरकारीतून सरकारीत गेलं तर चालतं. पण नेमका कोपरा कुठे हे फोनच्या ठिपक्यावर सोडू नका, सर्व्हेची खूण शोधा, आणि शेजारी साडूच्या ओळखीचा असेल तर एक फोन सगळ्यात स्वस्त. वायोमिंगमध्ये परवानगीशिवाय खाजगी जमिनीवर शिकारीला पाय ठेवणं गुन्हा आहे, पाटी लावलेली असो नसो.

डेन्व्हरचा_धाकटा

जाऊन आलो, म्हटलं सांगावं.

पहिली स्टँड्स रिकामी गेली. एकदा प्राँगहॉर्नचा (हरणासारखं जनावर) कळप आला आणि स्पीकरकडे बघत उभा राहिला. थंडी अशी की मी श्वास सोडला आणि तो साडूच्या स्कोपवर गेला, काच पांढरी, त्याने एक शब्द न बोलता मला कोपराने मागे सरकवलं. तेव्हापासून मफलर नाकावर.

मग दुपारी एका लांब खोऱ्यात बसलो, वारा डावीकडून, नानांनी सांगितलं तसंच. हाऊल, मग शांतता, आणि मी मनात शंभरपर्यंत मोजतोय तर डावीकडे लांब एक ठिपका हलला. आधी मला दगड वाटला, दगड दुसऱ्या जागी होता. गुडघा दाबला, "नऊ वाजता, लांब". तो येताना पळत येत नाही हो, वीस पावलं दुडकत येतो, थांबतो, बाजूला बघतो जसं त्याचं इकडे कामच नाही, परत दुडकतो. खोऱ्याच्या मध्यावर येऊन तो चक्क बसला. मागच्या पायांवर, आणि स्पीकरकडे बघत राहिला. साडू म्हणाला तीनशे वीस. वारा जोरात होता, म्हणून त्याने मारला नाही. मग तो उठला, उजवीकडे अर्धा वळसा घातला, आमच्या समोरून जाताना साडूने वूफ केलं, थांबला, आवाज झाला आणि तो तिथेच पडला. साडू रेंजफाइंडरमध्ये बघून म्हणाला एकशे सत्तर. मग पिल्लाचा आवाज लावून अजून बसलो, दुसरा आला नाही.

नर होता. साडूने उचलायला सांगितला तर मला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलका, सगळे केसच. वाईट वाटलं का? हो थोडं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी जाणार का? हो. बायकोची बहीण म्हणते तुम्ही दोघं गाडीत चार तास काय बोलता, तर आम्ही वाऱ्यावर बोलतो.

आता प्रश्न असा की तो कातडं मला देतोय, पाठीकडचे केस छान आहेत पण शेपटीजवळ एक भाग उघडा दिसतोय. घ्यावं का?

नेब्रास्का_नाना

शेपटीजवळ टक्कल आणि कातडी जाड, खरबरीत असेल तर खरूज, ते कातडं घेऊ नकोस आणि टॅनरही घेणार नाही. कातडी नीट असेल आणि नुसते केस झिजले असतील तर बिळातून ये-जा करून घासलेले असतात, ते चालतं. दोन्हीपैकी काहीही असो, हातमोजे घालून हात लाव आणि गाडीच्या डिकीत तसंच टाकू नकोस. मेल्यावर अंग गार झालं की पिसवा उतरतात आणि त्यांना दुसरं गरम काहीतरी हवं असतं. कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, रात्रभर बाहेर गोठू दे, मग आण. टॅन करून यायला काही महिने लागतात, आत्तापासून बायकोला विचारून ठेव भिंत कुठली मिळणार.

सेजब्रश_ताई

आणि त्याच गाडीत घरचं कुत्रं बसत असेल तर पिशवी मागच्या सीटवर नको. खरजेचे किडे कुत्र्याला लगेच लागतात. पिकअप असेल तर मागे उघड्यावर, नसेल तर साडूलाच टॅनरकडे द्यायला सांग, तिकडे नक्की कुणीतरी त्याच्या ओळखीचा असेल.